समुद्राच्या पोटातले वावर

वाशीम जिल्ह्यातल्या माणसाचा समुद्राशी संबंध काय, असे कोणी विचारले तर आपण हसून म्हणू, 'भाजीतल्या मिठापुरता.' मीही इतकी वर्षे तेच म्हणत आलो. पण पाण्याच्या वाटेने जरा चालत गेले की वेगळेच दिसते. आपली काटेपूर्णा अकोल्याकडे उतरते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीत जाते आणि तापी सुरतेजवळ अरबी समुद्राला मिळते. पैनगंगा मात्र पूर्वेची वाट धरते. ती वर्धा नदीत जाते, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. म्हणजे आपल्या जिल्ह्यात एकाच पावसात पडलेले दोन थेंब, एक टेकडीच्या अलीकडे आणि एक पलीकडे, दोन वेगवेगळ्या समुद्रांना जाऊन मिळतात.

ही वाट नकाशावर बोट ठेवून शोधायची वेळ माझ्यावर आली ती एका मुलीमुळे.

पोरीचा हट्ट

रिसोड तालुक्यात माझे एक शेतकरी स्नेही आहेत. पंचक्रोशी त्यांना अण्णा म्हणते. बारा एकर जमीन, सोयाबीन-तुरीचे पीक आणि विहिरीवर हरभरा. माझ्याहून दोन वर्षांनी लहान, कामाला वाघ. त्यांची धाकटी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दिवाळीत मी त्यांच्याकडे फराळाला गेलो तेव्हा पोर दारातच म्हणाली, "काका, बारावीनंतर मला मत्स्यशास्त्राची पदवी घ्यायची आहे. तुम्ही बाबांना सांगा."

अण्णांनी चहाची बशी खाली ठेवली. "समुद्र कुठी अन् आपन कुठी साहेब? मासे पाहाले पोरीले येवढ्या लांब कोन धाडते?"

वहिनी काही बोलल्या नाहीत. त्या का बोलल्या नाहीत हे मला ठाऊक होते. अण्णांचा थोरला भाऊ चौदा वर्षांचा असताना विहिरीत बुडून गेला. तेव्हापासून त्या घरात कोणालाही पोहायला शिकवले गेले नाही. पाणी म्हणजे पिकाला द्यायची वस्तू. त्यात उतरायचे नाही.

घरी येऊन मी हा सारा प्रकार सौभाग्यवतीला सांगितला. ती म्हणाली, "तुम्ही शेतकऱ्याला नवे वाण सांगता तेव्हा आधी शिवारफेरीला नेता ना? मग समुद्राच्या बाबतीत नुसता उपदेश कशाला? घेऊन जा त्यांना."

तसे जानेवारीत निघालो. तूर निघाली होती, हरभऱ्याला घाटे धरत होते. रोह्यांची राखण अण्णांच्या चुलतभावाने अंगावर घेतली. आम्ही दोघे, अण्णा, वहिनी आणि पोरगी असे पाच जण अकोल्याहून रेल्वेने पनवेलपर्यंत गेलो, तिथून कोकण रेल्वेने कुडाळला उतरलो आणि एस.टी.ने मालवणला पोचलो.

अंदमान नाही, मालवण

समुद्रातली बेटे आणि पाण्याखालचे जग पाहायचे म्हटले की अंदमान किंवा लक्षद्वीप डोळ्यांसमोर येते. अंदमानला विमानाने जावे लागते, नाही तर चेन्नईहून बोटीने तीन-चार दिवस लागतात. लक्षद्वीपला आधी परवाना काढावा लागतो. हंगामाच्या हिशेबावर जगणाऱ्या घराला हे दोन्ही जड. पण आपल्याच महाराष्ट्रात, सिंधुदुर्ग जिल्ह्यात, मालवणच्या समोर लहान लहान बेटांचा आणि खडकांचा एक पुंजका आहे. कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ला, जवळच पद्मगड, दक्षिणेला निवतीचे खडक आणि वेंगुर्ल्यासमोर खोल समुद्रात वेंगुर्ला रॉक्स. त्या शेवटच्या बेटांवर दीपगृह आहे आणि तिथल्या कपारींत भारतीय पाकोळी नावाचा पक्षी आपल्या लाळेने घरटे बांधतो. परदेशात या घरट्यांचे सूप करतात, म्हणून चोरटे लोक ती खरवडून नेत. आता त्यांना कायद्याचे संरक्षण आहे.

पहिल्या दिवशी किल्ला पाहिला. शिवाजी महाराजांनी २५ नोव्हेंबर १६६४ रोजी याचा पाया घातला. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली तो उभा राहिला. ४८ एकरांचे बेट आणि भोवती सुमारे तीन किलोमीटरचा तट. पायाचे दगड बसवताना शिसे ओतले आहे. आत राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर आहे. पण अण्णा थबकले ते तीन विहिरींपाशी. दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. चारी बाजूंनी खारे पाणी आणि मध्ये गोड्या पाण्याच्या विहिरी! अण्णांनी वाकून आत पाहिले आणि लगेच दोन पावले मागे सरले. ती सवय काही जात नव्हती.

साहेब नावेत, शेतकरी पाण्यात

दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याखाली उतरायचे होते. याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. पाठीवर दाबून भरलेल्या हवेचे नळकांडे, तोंडात हवेची नळी, डोळ्यांवर आणि नाकावर काचेचा मुखवटा. पोहता न येणाऱ्यालाही वाटाड्या धरून वीस-पंचवीस फूट खाली नेतो. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ही विद्या शिकवणारी संस्था आहे आणि मालवणच्या दांडी किनाऱ्यावरून कोळ्यांची कितीतरी मुले हा व्यवसाय करतात.

नावेत बसण्यापूर्वी एक कागद भरायचा होता. दमा आहे का, हृदयाचा विकार आहे का, फिट येते का, रक्तदाब आहे का. मी खरे ते लिहिले. वाटाड्या मुलाने कागद पाहिला आणि नम्रपणे म्हणाला, "काका, रक्तदाबाची गोळी चालू असा. डॉक्टरांचो दाखलो नाय, तर तुमका खाली नेवक येवचा नाय." मी जन्मभर शेतकऱ्यांना हे करा आणि ते करा सांगत आलो. आज साहेबांना नावेतच बसायचे होते.

अण्णांच्या कागदावर एकही विकार नव्हता. पोरगी तर टाकीला हात लावून तयार उभी होती. अण्णांनी तिला मागे सारले.

"पोरीच्या आधी मी उतरतो. खाली काय हाये ते पयले मले पाहू द्या."

वहिनींनी पदर दातात धरला. मी अण्णांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ज्या माणसाने चाळीस वर्षे विहिरीच्या काठापासून दोन पावले दूर उभे राहून मोटर चालू केली, तो माणूस स्वतःहून समुद्रात उतरत होता.

वाटाड्याने तीन गोष्टी पुन्हा पुन्हा सांगितल्या. पहिली, श्वास कधीही रोखायचा नाही. खाली दाबाखाली घेतलेली हवा वर येताना फुगते. श्वास कोंडला तर ती फुप्फुसाला इजा करते. दुसरी, कान दुखू लागले की नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचे. दहा मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो, म्हणून कानाचे पडदे आत दबतात. तिसरी, खाली कशालाही हात लावायचा नाही आणि पाय टेकायचा नाही.

"घाबरा नकात काका. श्वास घेत रवा, बाकी मी बघतंय," असे म्हणून तो मुलगा अण्णांना घेऊन खाली गेला. पाण्यावर नुसते बुडबुडे. वहिनी बुडबुडे मोजत होत्या.

पंधरा मिनिटांनी अण्णा वर आले. मुखवटा काढला, खारे पाणी थुंकले आणि नावेचा काठ धरून म्हणाले, "साहेब, खाली तं वावर हाये! कोनी पेरलं नाही, कोनी निंदलं नाही, पन पीक उभं हाये. उन्हाच्या टायमाले ढोरं बाभयीखाली उभी राह्यतात ना, तसे मासे दगडाच्या सावलीले उभे. पिवये काय, निये काय. अन् एक तं पोपटाच्या चोचीचा, दगडच कुरतडत होता!"

मग मुलीकडे पाहून म्हणाले, "जाय आता तू."

दगड, झाड की प्राणी?

पोरगी वर आली ती बराच वेळ काही बोलली नाही. किनाऱ्यावर आल्यावर अण्णांनीच तिला विचारले, "ते खालचं दगड होय का झाड?"

"बाबा, तो प्राणी आहे," ती म्हणाली.

तिचे उत्तर बरोबर होते. याला प्रवाळ किंवा पोवळे म्हणतात. मिरीच्या दाण्याएवढे किंवा त्याहून लहान असे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती घर बांधतात. एक पिढी गेली की तिच्या घरावर दुसरी पिढी घर बांधते. त्यातून तो दगड वाढतो. पण वाढ किती सावकाश! गोलसर जातीचे प्रवाळ वर्षाकाठी सेंटिमीटरभर, कधी त्याहूनही कमी वाढते. टोपलीएवढा गोळा दिसला तर समजावे की ती कित्येक वर्षांची कमाई आहे.

हा जीव जगतो कसा, हे मी अण्णांना सोयाबीनवरून समजावून सांगितले. सोयाबीनचे रोप उपटले की मुळावर गाठी दिसतात. त्या गाठीत रायझोबियमचे जिवाणू असतात. रोप त्यांना साखर देते आणि ते रोपाला हवेतला नत्र पुरवतात. म्हणून तर आपण पेरणीपूर्वी बियाण्याला जिवाणू संवर्धक चोळतो. प्रवाळाचेही तसेच आहे. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. शेवाळ उन्हावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. त्या बदल्यात प्रवाळ त्याला घर देते. प्रवाळाचा रंगही बहुतेक त्या शेवाळाचाच.

म्हणून प्रवाळाला तीन गोष्टी लागतात : ऊन, स्वच्छ पाणी आणि ठरावीक उष्णता. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश जास्त तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की शेवाळ बाहेर पडते. प्रवाळ पांढरेफटक होते. लवकर थंडावा आला तर सावरते, नाही तर उपासाने मरते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत भारताच्या समुद्रात असा पांढरेपणा मोठ्या प्रमाणावर आला होता. आपल्याकडे पावसाने ओढ दिली की पीक पिवळे पडते आणि आपण आभाळाकडे पाहतो. कोळ्यांचेही तेच आहे.

आणि हे का जपायचे? साऱ्या समुद्राच्या तळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागेत प्रवाळ आहे, पण समुद्रातल्या जवळजवळ चौथा हिस्सा जाती जन्मात कधी ना कधी त्याच्या आसऱ्याला येतात. तिथे मासे अंडी घालतात, पिल्ले लपतात. म्हणजे ही समुद्राची रोपवाटिका आहे. मालवणचे प्रवाळ अंदमानइतके विस्तीर्ण नाही, खडकांवर तुकड्या-तुकड्यांनी आहे. पण तांबोशी असो की शेवंड, त्यांना आडोसा तिथेच मिळतो. याशिवाय या किनाऱ्याजवळ पाठीवर कुबड असलेले डॉल्फिन बारमाही राहतात. परतताना त्यांतल्या दोघांच्या पाठी आम्हाला दिसल्या. वहिनी एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या हसल्या.

"आमका कोणी इचारल्यानच नाय"

संध्याकाळी किनाऱ्यावर एक म्हातारे कोळी जाळे विणत बसले होते. अण्णा त्यांच्याजवळ उकिडवे बसले. दोघांच्या बोलीत दोनशे कोसांचे अंतर, पण पावसाचा आणि भावाचा विषय निघाला तशी दोघांचीही जीभ मोकळी झाली.

मालवणच्या समुद्राचा एक भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर, त्यात पद्मगडाभोवतीचा तीन चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग गाभ्याचा. हेतू चांगला होता. पण कोळ्यांनी त्याला कडाडून विरोध केला आणि तो वाद वर्षानुवर्षे चालला. आजोबांनी कारण एका वाक्यात सांगितले. "समुद्र आमचो, पोट आमचा, पण आमका कोणी इचारल्यानच नाय."

हे वाक्य मला लागले. वाशीम जिल्हा अकोल्यातून वेगळा व्हायच्या आधीची गोष्ट. मी नोकरीत नवा होतो. एका गावात मी नकाशावर रेघा मारून बांध-बंदिस्तीची आखणी केली. तांत्रिकदृष्ट्या चोख. पण एक बांध बैलगाडीच्या वाटेवर आला, दुसऱ्यामुळे एकाच्या वावरात पाणी तुंबले. मी आखण्यापूर्वी पारावर बसून विचारले नव्हते. दुसऱ्या वर्षी निम्मे बांध नांगरटीत गेले. तेव्हा मी शेतकऱ्यांना अडाणी म्हटले होते. चूक माझी होती, हे कबूल करायला मला मालवणच्या वाळूत यावे लागले.

कोळ्यांना राखण करणे ठाऊक नव्हते असे नाही. इथली रापण पाहावी. किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे. सारा जमाव मिळून ते ओढतो आणि मिळालेल्या मासळीचे वाटे घालतो. पण मोठ्या यांत्रिक बोटी पर्ससीनची जाळी घेऊन आल्या. हे जाळे माशांच्या अख्ख्या थव्याला वेढा घालते आणि बटव्यासारखे खालून आवळले जाते. रापणकरांच्या वाट्याची मासळी घटली, समुद्रात भांडणे झाली. अखेर २०१६ साली राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घातले. गावातल्या तळ्यावर एकाने दहा अश्वशक्तीची मोटर बसवली तर बाकीच्यांचे काय होते, ते आपल्याला सांगायला नको.

विचारल्यावर काय झाले

पुढची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. २०११ नंतरच्या काही वर्षांत संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जैवविविधता जपण्याचा एक प्रकल्प चालला. त्यात कोळ्यांच्या मुलांना पाण्याखाली उतरण्याचे शिक्षण मिळाले. ज्या खडकाभोवती बाप जाळे टाकत होता, तोच खडक मुलगा पाहुण्यांना दाखवू लागला. जिवंत प्रवाळावर घर चालू लागले, तसा प्रवाळ जपण्याचा स्वार्थही निर्माण झाला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका वल्हवायच्या होडीतून पाहुण्यांना कांदळवन दाखवतात. आमच्या सौभाग्यवतीने आणि वहिनींनी त्यांच्याकडून सारा हिशेब समजावून घेतला. आपल्या गावच्या बचत गटाला पापड-शेवयांपलीकडे काय करता येईल, यावर परतीच्या गाडीत कल्याणपर्यंत चर्चा चालली.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासची कथाही अशीच. ऑलिव्ह रिडले जातीची कासवे तिथे रात्री किनाऱ्यावर येऊन वाळूत शंभरेक अंडी घालतात. पूर्वी ती अंडी लोक उकरून नेत, कोल्ही-कुत्री खात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांना बरोबर घेऊन अंडी राखायला सुरुवात केली. आता पिल्ले समुद्रात जाताना पाहायला लोक येतात, गावातल्या घरांत उतरतात.

आणखी एक बाब आपल्या कामाची आहे. संरक्षित कासव किंवा देवमासा जाळ्यात सापडला तर कोळ्याने जाळे कापून त्याला सोडावे आणि फाटलेल्या जाळ्यापोटी शासनाने त्याला २५,००० रुपयांपर्यंत भरपाई द्यावी, अशी योजना महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. अण्णा म्हणाले, "म्हंजे जनावर वाचवनाऱ्याचं नुकसान सरकार भरते. मंग रोही आन् रानडुकरं आमचं वावर खातात, तवा पंचनाम्याले इतका येळ काहून?" मला उत्तर देता आले नाही. प्रश्न मात्र रास्त आहे. राखण करणाऱ्याचे पोट सांभाळले तरच राखण टिकते.

आणि समुद्रालाही पडीक ठेवतात. १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींनी मासेमारी करायला बंदी असते. तो माशांच्या विणीचा काळ. आपण बियाण्याची कणसे आधी बाजूला काढतो, त्यातलाच हा प्रकार.

फार झाले तेही वाईट

सारे चांगलेच चालले आहे असे मात्र नाही. आमच्या शेजारच्या नावेतून पाव आणि बिस्किटे पाण्यात टाकली जात होती. मासे झुंडीने वर आले, पाहुणे खूश झाले. आमचा वाटाड्या मुलगा हळूच म्हणाला, "हेका आमीच जबाबदार. गिऱ्हाईक मासे दाखव म्हणता, मग पाव टाकतत." प्रवाळावरचे शेवाळ खाऊन ते साफ ठेवणारे मासे पावाला सोकावले तर शेवाळ माजते. निंदणाऱ्या मजुरांनाच आपण बांधावर बसवून जेवण दिले आणि कामाला जाऊ दिले नाही, तर तण कोण काढणार? नावांचे नांगरही प्रवाळावर पडतात. कित्येक वर्षांची वाढ एका दणक्यात मोडते.

घाई आणि लोभ माणसाचाही जीव घेतो. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबासाठी गेलेल्या पर्यटकांची नाव बुडाली आणि दोघे दगावले. म्हणून अण्णांनी आमच्या नावेत पाय ठेवण्यापूर्वी माणसे मोजली, प्रत्येकाच्या जाकिटाचे पट्टे ओढून पाहिले, तेव्हा मी त्यांना हसलो नाही.

एक प्रसंग सांगतो. वहिनींना वाळूत पांढऱ्या प्रवाळाचा तुकडा सापडला. देवघरात ठेवू म्हणून त्यांनी तो ओच्यात घेतला. पोरगी म्हणाली, "आई, ठेव तो. प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. मेलेला तुकडाही नेता येत नाही." वहिनींनी तुकडा वाळूत ठेवला आणि वर दोन बोटे टेकवून नमस्कार केला.

आपल्या वावराची माती

शेतकरी बंधू-भगिनींनो, कोणी म्हणेल, हे सारे कोळ्यांनी पाहावे, आपल्याला काय? म्हणूनच मी सुरुवातीला नद्यांची वाट सांगितली. प्रवाळाला स्वच्छ पाणी लागते. नदी जेवढी माती समुद्रात नेईल, तेवढे किनाऱ्याजवळचे पाणी गढूळ होते, आणि गाळ बसला की प्रवाळ गुदमरते. नत्र-स्फुरद वाहून गेले की शेवाळ फोफावते. कीटकनाशकाची बाटली नाल्यात टाकली तर ती नाल्यात थांबत नाही.

आणि ही माती वाहून गेली तर आधी नुकसान कोणाचे? आपलेच. म्हणून जे मी एरवी सांगतो तेच आज समुद्राच्या नावाने सांगतो. उताराला आडवी पेरणी करा. सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर घ्या. युरिया एकदम न टाकता पिकाच्या गरजेप्रमाणे विभागून द्या, आणि मोठा पाऊस डोक्यावर असताना टाकू नका. धुऱ्यावर गवत राखा. औषधांच्या रिकाम्या बाटल्या नाल्यात किंवा विहिरीजवळ फेकू नका. यात कोळ्यावर उपकार नाहीत. आपली माती आपल्याच वावरात राहील.

जायचे असेल तर

ज्यांना मालवणला जायचे असेल त्यांनी ऑक्टोबर ते मेचा मध्य या काळात जावे. पाणी निवळ असते ते थंडीत. पावसाळ्यात हे सारे बंद असते. नोंदणी असलेल्या व्यावसायिकाकडेच जा आणि दर आधी ठरवून घ्या. प्रकृतीचा कागद खरा भरा. सर्दी असेल त्या दिवशी उतरू नका, कान दुखावतात. पोटभर जेवून किंवा दारू पिऊन पाण्यात जाऊ नका. नावेत जाकीट अंगावर बांधलेलेच हवे, बूड खाली ठेवून बसण्यासाठी ते नाही. खाली गेल्यावर पाहा, हात लावू नका. आणि मासळीला पाव टाकणाऱ्याला दोन शब्द समजावून सांगा.

पुढचे पाऊल

राहिला पोरीचा प्रश्न. मत्स्यशास्त्राची पदवी घ्यायला समुद्रकाठीच जावे लागते असे नाही. रत्नागिरीला दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय आहे. पण आपल्याजवळ नागपूरला आणि मराठवाड्यात उदगीरलाही महाराष्ट्र पशू व मत्स्यविज्ञान विद्यापीठाची मत्स्य महाविद्यालये आहेत. अभ्यासक्रम चार वर्षांचा. त्यात गोड्या पाण्यातली मासळीही येते. आपल्या जिल्ह्यात तलाव आहेत, शेततळी आहेत. रोहू, कटला, मृगळ वाढवायला जाणते माणूस हवे. रोही वावर खातो, पण रोहू शेततळ्यात चार पैसे देतो, असे मी अण्णांना म्हटले तेव्हा ते हसले. होकार मात्र दिला नाही.

मे महिन्यात मी त्यांच्या गावी माती परीक्षणाच्या कामाला गेलो. घरी कोणी नव्हते. वहिनींनी वावराकडे बोट केले. विहिरीवर गेलो तो पाण्याचा आवाज येत होता. पोरीच्या कमरेला दोर, पाठीला रिकामा डबा बांधलेला, आणि ती पाणी बडवत पलीकडच्या पायरीकडे निघाली होती. गावातला एक पट्टीचा पोहणारा पोरगा तिच्याबरोबर पाण्यात होता. दोराचे दुसरे टोक अण्णांच्या मनगटाला वेटोळे घालून होते. ते पार काठावर, पाय आत सोडून बसले होते.

"साहेब," माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले, "नागपूरले जाईन तं जाऊ द्या. पन पयले तिले पोहता आलं पायजे."